बुधवारी घेतलेलं नाव

ग्लेंडाच्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या डोव्ह क्रीकमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी रेलिनच्या तान्ह्या मुलीवर नजर ठेवायला बालकल्याण खात्यानं निवडली ती ग्लेंडाच. रेलिन माझी धाकटी बहीण, ग्लेंडा तिची सासू. आणि मी ट्विला. बँकेशेजारच्या पार्लरमध्ये बायकांचे केस कापते, त्यामुळे गावातली डोकी मला बाहेरून माहीत आहेत तशी आतूनही. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की ग्लेंडासारखी मायाळू बाई शोधून सापडायची नाही आणि तिच्या हातात कुठलीही नाजूक गोष्ट देऊ नका. पण केस कापणारीला कोण विचारतंय?

सगळं सुरू झालं उलट्यांपासून. पोटुशी बाईला उलट्या होतात यात नवल नाही, पण रेलिनच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. टोस्टचा कोपरा खाल्ला तरी धावत सुटायची. माझ्याकडे केस धुवायला आली तेव्हा बेसिनवर मान टेकताना तिच्या गळ्याची हाडं वर आलेली दिसली. दवाखान्यातल्या औषधानं ती दिवसभर पेंगायची, आणि पेंगता पेंगता ओकायची. नवरा डस्टिन तेलाच्या विहिरीवर कामाला, पंधरा दिवस तिकडे आणि पंधरा दिवस घरी. घरी असला की बिचारा बादली घेऊन तिच्या मागे मागे फिरायचा.

आमच्या राज्यात गांजा औषध म्हणून कायदेशीर आहे. डॉक्टरनं सही केली की राज्याचं कार्ड मिळतं, आणि ते दाखवलं की हिरव्या क्रॉसच्या दुकानात हवं ते घ्या. गावात किराण्याचं दुकान एक आहे आणि हिरवे क्रॉस तीन. माझ्याकडे कार्ड आहे, दिवसभर उभं राहून कंबर धरते म्हणून. आमच्या पास्टरच्या मेहुणीकडेही आहे, तिचं काय धरतं ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. रेलिननंही काढलं. जेलीसारख्या गोळ्या, गमी म्हणतात त्यांना, पीचच्या चवीच्या. अर्धी खाल्ली की तिला जेवण जायचं. पहिल्यांदा खाल्ली त्या संध्याकाळी माझ्याकडे बसून तिनं ताटभर बीन्स आणि कॉर्नब्रेड संपवला, आणि खाता खाता ढसाढसा रडली. मलाही रडू आलं. इतक्या महिन्यांत तिला पोटभर जेवताना मी पाहिलंच नव्हतं.

बाळंतपणाला गेली तेव्हा नर्सनं विचारलं, काही औषधं घेतेस का? रेलिननं पर्स उघडली. ड्रायव्हिंग लायसन्स, विम्याचं कार्ड आणि हे तिसरं कार्ड, तिन्ही तिनं एकाखाली एक मांडली.

"अगं बये, ते कशाला दाखवलंस?" मी नंतर तिला म्हटलं.

"लपवायचं काय त्यात? राज्याचा शिक्का आहे त्यावर."

बाळाच्या पहिल्या शीची तपासणी झाली, त्यात गांजा निघाला. आईला तो कायदेशीर होता. पोटातल्या बाळाला मात्र कुणी कार्ड दिलेलं नव्हतं, असं सरकारचं म्हणणं. मुलगी गुटगुटीत, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, नाव ठेवलं जोसी. आणि घरी येऊन पाळणा नीट लावून होतोय तोवर दारात मिस ऑल्ड्रिज उभी.

ही खात्याची बाई. वयानं लहान, पायात सपाट बूट, आवाज असा मऊ की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. तिनं फ्रिज उघडून पाहिला, पाळणा हलवून पाहिला, आणि मग टेबलावर कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं, की रेलिन एकही गमी खाणार नाही, दर आठवड्याला लघवी तपासून देईल, आणि घरात कुणीतरी भरवशाचं माणूस चोवीस तास तिच्यावर आणि बाळावर नजर ठेवेल.

"हे ऐच्छिक आहे," मिस ऑल्ड्रिज म्हणाली.

"आणि सही नाही केली तर?" डस्टिननं विचारलं.

"मग कोर्ट ठरवेल बाळ कुठे राहायचं ते."

"बरंच ऐच्छिक आहे की," मी म्हटलं. डस्टिननं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"उन्हाळा संपेपर्यंत सगळं सुरळीत राहिलं तर मी फाइल बंद करीन. जोसीला इथेच ठेवायची माझी इच्छा आहे, रेलिन. खरंच."

ते ती मनापासून म्हणाली होती, एवढं मी आजही मान्य करते.

नजर ठेवायला मी येते म्हटलं. पार्लर दुपारपर्यंतच उघडीन, रात्री तिथेच झोपीन. मिस ऑल्ड्रिजनं माझ्याकडे पाहून हसत विचारलं, "तुमच्याकडे ते कार्ड आहे का, मॅम?"

"आहे. कंबरेसाठी. कायदेशीर."

"मग तुम्ही चालणार नाही."

"मी ते आत्ता तुमच्यासमोर कात्रीनं कापते. माझा धंदाच तो आहे."

"कापून उपयोग नाही, मॅम. नोंद राहते."

मग उरली ग्लेंडा. विधवा, चर्चमध्ये तीस वर्षं लहान मुलांचा वर्ग घेणारी, सिगारेटसुद्धा न ओढलेली. स्वतःची आरामखुर्ची पिकअपमध्ये घालून ती दुसऱ्याच दिवशी राहायला आली.

आणि खरं सांगते, तिनं त्या पोरीसाठी जिवाचं रान केलं. रेलिन अंघोळीला गेली की जोसीला घेऊन न्हाणीच्या दाराशी बसायची, म्हणजे दोघी एका नजरेत राहतील. रात्री पोर कुरकुरली की सुनेच्या आधी उठायची. स्वयंपाक, धुणं, सगळं. रेलिनला तिनं एका शब्दानं टोचलं नाही. उलट कुणी काही बोललं तर अंगावर धावून जायची.

"ती पोर वाळून मरायला टेकली होती," किराणा दुकानात एकीला तिनं सुनावलं. "तुला काय माहीत गं? तुझी तीन बाळंतपणं लोणी खाऊन झाली!"

फक्त हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की मांसाच्या काउंटरवरच्या माणसालाही सगळं प्रकरण कळलं. तीच तर गोम होती. ग्लेंडा प्रेम करायची तेही भोंगा लावून.

तपासण्या येत गेल्या. आधी गांजा थोडा दिसायचा, मग कमी, मग काहीच नाही. मिस ऑल्ड्रिज खूश होती. पण रेलिनची झोप उडाली होती. बाळ झोपलं तरी ही छताकडे बघत पडायची. खात्याची गाडी रस्त्यावरून गेल्याचा भास व्हायचा, उठून खिडकीशी जायची. एकदा मला म्हणाली, "ट्विला, मी तिला दूध पाजताना पण घाबरते. वाटतं, मी चुकीचं धरलंय आणि कुणीतरी बघतंय." बघतच होतं कुणीतरी.

जुलैतल्या एका दुपारी ती दवाखान्यात नेलेली पिशवी धुवायला काढत होती. आतल्या कप्प्यात चांदीचा कागद लागला. एक गमी, उन्हानं चिकट झालेली. ती तिथेच जमिनीवर बसली. मग उठली, स्वयंपाकघरात गेली आणि हात ग्लेंडासमोर उघडला.

"मिस ग्लेंडा, ही घ्या माझ्याकडून. लवकर घ्या. मला खावीशी वाटतेय."

ग्लेंडानं ती घेतली, सिंकमध्ये टाकली, सिंकखालचं खरकटं दळायचं यंत्र सुरू केलं आणि पाण्याचा नळ किती तरी वेळ सोडून ठेवला. मग दोघी गळ्यात पडून रडल्या. हे मला रेलिननं फोनवर सांगितलं, आणि तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा वाटला.

"मी नाही खाल्ली, ट्विला. हातात होती आणि नाही खाल्ली."

"शाबास गं माझी बाय. आता ग्लेंडाच्या तोंडाला कुलूप लाव."

"लावलंय. म्हणाली, घरातली गोष्ट घरातच राहील."

बुधवारी संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये आधी सगळे मिळून जेवतात आणि मग प्रार्थना होते. कोंबडीची कॅसरोल, गोड चहा, केळ्याचं पुडिंग. ताटं उचलली की पास्टर विचारतात, कुणाकुणासाठी प्रार्थना करायची? मग एकेक जण उभा राहून सांगतो. कुणाचा गुडघा, कुणाची गाय, कुणाचा पोरगा तुरुंगात. ज्याला उघड सांगायचं नसेल तो नुसता हात वर करून म्हणतो, "मनातली." पास्टर मान हलवतात, सगळे डोळे मिटतात, देवाला काय ते कळतं. अशी सोय आहे आमच्याकडे. लफडी, कर्जं, गाठी, सगळं त्या एका शब्दाखाली निभावून जातं. मी स्वतः नवरा सोडून गेला तेव्हा वर्षभर हात वर केलाय.

ग्लेंडानं जन्मात कधी "मनातली" म्हटलेलं नव्हतं. तिच्या मते ती आडपडद्याची प्रार्थना. देवाला नाव, गाव, दुखणं नीट सांगावं, आणि चार माणसांनी ते नाव घेऊन मागावं, तरच जोर येतो.

ती उभी राहिली. मी दोन टेबलं मागे होते. मी खोकले. मग जोरात खोकले. तिनं प्रेमानं वळून पाहिलं आणि म्हणाली, "ट्विलाच्या छातीसाठीही प्रार्थना करा." आणि पुढे बोलू लागली.

"आमच्या रेलिनसाठी मागते. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे ती कशातून जातेय. सैतान त्या पोरीचा पिच्छा सोडत नाही. परवा तिला घरात एक गोळी सापडली. बाळ पाळण्यात होतं. आणि तिनं काय केलं माहीत आहे? ती माझ्याकडे चालत आली आणि म्हणाली, मला खावीशी वाटतेय, माझ्याकडून घ्या! अशी आहे माझी सून!" तिचे डोळे वाहत होते. "देवानं तिला असंच धरून ठेवावं, एवढंच मागते."

"आमेन," सगळे म्हणाले. काही बायका रडल्या. पास्टरनी रेलिनचं नाव घेऊन इतकी सुंदर प्रार्थना केली की मलाही क्षणभर वाटलं, असू दे, काही बिघडणार नाही. मग मी डोळे उघडले. पियानोशी पेगी बसली होती. तिचे डोळे मिटलेले नव्हते.

पेगी माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि गावच्या शाळेत नर्स. मुलाच्या घरात काही वावगं असल्याचं कानावर आलं तर ते खात्याला कळवणं आमच्या राज्यात प्रत्येकावर बंधनकारक आहे. नर्सचं तर त्यावर लायसन्सच टांगलेलं. मी तिला पार्किंगमध्ये गाठलं.

"पेगी, नको."

"ट्विला, माझ्यासमोर असं उभी राहू नकोस."

"तिनं खाल्ली नाही! ऐकलंस ना तू? खाल्ली नाही!"

"ऐकलं. मी तेही सांगीन, शब्दन् शब्द सांगीन." ती रडत होती. "आत चाळीस माणसं होती. उद्या दुसऱ्या कुणी कळवलं आणि मी गप्प बसले हे निघालं, तर माझी नोकरी जाईल. माझ्या घरात कमावणारी मी एकटी आहे."

मी तिला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती ऐकून घेऊन गाडीत बसली. आणि तिनं खरोखरच सगळं सांगितलं, खाल्ली नाही हेसुद्धा.

शुक्रवारी सकाळी मिस ऑल्ड्रिज आली ती शेरीफचा एक माणूस घेऊन. रेलिननं मला फोन केला, मी एका बाईला अर्ध्या कापलेल्या केसांनी खुर्चीत सोडून धावले. डस्टिन विहिरीवर होता.

"घरात गोळी होती का, रेलिन?"

"होती. मला सापडली आणि मी ती देऊन टाकली."

"बाळाला मिळू शकेल अशा ठिकाणी होती?"

"तिला अजून कूससुद्धा बदलता येत नाही," मी म्हटलं.

"मॅम, प्लीज. रेलिन, तुला ती खावीशी वाटली?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, नाही म्हण, बाई, एकदा तरी खोटं बोल. पण आमच्या आईनं आम्हाला खोटं बोलल्याबद्दल साबणानं तोंड धुवायला लावलं होतं, आणि धाकटीच्या अंगी ते जास्तच मुरलं.

"वाटली," रेलिन म्हणाली. "खूप वाटली."

मिस ऑल्ड्रिजनं ते लिहून घेतलं आणि ग्लेंडाकडे वळली. "गोळी सापडल्याचं तुम्ही खात्याला का नाही कळवलंत?"

ग्लेंडा गोंधळली. "मी देवाला कळवलं की!"

"ठरल्याप्रमाणे तुम्ही मला कळवायचं होतं, मॅम."

त्या एका वाक्यानं खात्याचा ग्लेंडावरचा भरवसा संपला. बाळ तिच्याकडे ठेवता येईना. माझ्याकडे कार्ड होतं. डस्टिन महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. आमच्यातलं कुणी उरलंच नाही. मिस ऑल्ड्रिजचाही चेहरा पडला होता, पण वरून सही आलेली होती. दोन जिल्ह्यांपलीकडे अशी बाळं सांभाळणारं एक चांगलं जोडपं आहे, म्हणाली.

शेरीफच्या माणसाला गाडीतल्या बाळाच्या खुर्चीचे पट्टे लावता येईनात. तो घामाघूम झाला, क्लिप उलटी घालत होता, जोसी किंचाळत होती. शेवटी रेलिन पुढे झाली, म्हणाली, "सरका." तिनंच पट्टे लावले, छातीवरचं बक्कल बगलेच्या उंचीला आणलं, खांद्याशी दोन बोटं घालून घट्ट आहे ना ते पाहिलं. आणि मागे सरली. गाडी गेल्यावर ती अंगणात उभी, आणि ब्लाउजच्या पुढचा भाग दुधानं भिजलेला. ते दूधही खात्यानं नंतर घेतलं नाही. बाटल्या भरून नेल्या तर म्हणाले, खात्री देता येत नाही.

डस्टिन परत आला. आईची आरामखुर्ची त्यानं स्वतः पिकअपमध्ये चढवून तिच्या घरी नेऊन टाकली. काही आठवड्यांनी ग्लेंडा माझ्याकडे केस कापायला आली. आरशात माझ्याकडे बघून म्हणाली, "ट्विला, तूच सांग, मी काय वाईट केलं? मी तिचं कौतुकच केलं ना?" माझ्या हातात कात्री होती. मी तिचे केस कापले, मान झाडली. तिच्यावर ओरडावं असं ठरवून बसले होते, पण ती इतकी म्हातारी दिसत होती की मला जमलं नाही. बुधवारी ती आता चर्चला येते आणि भिंतीकडे तोंड करून बसते.

खात्यानं सांगितलं ते सगळं रेलिननं केलं. पालकांचे वर्ग केले, व्यसनाचे वर्ग केले, जिथे बाकीचे खरे व्यसनी तिला विचारायचे, तू इथे काय करतेस गं? प्रत्येक तपासणी स्वच्छ आली. पण तारीख पडली आणि पुढे गेली. वकील बदलला. न्यायाधीश रजेवर गेले. उन्हाळा गेला, थँक्सगिव्हिंग गेलं, नाताळ गेला. जोसी बसायला लागली, रांगायला लागली, ते सगळं त्या दुसऱ्या घरात. आम्हाला आठवड्यातून एकदा, खात्याच्या ऑफिसातल्या खोलीत, दोन तास. फेब्रुवारीत पुन्हा तारीख लागली तेव्हा नव्या वकिलानं रेलिनला बजावलं, "न्यायाधीश भेटींच्या नोंदी वाचतात. आई-मुलीचा एकमेकींना किती लळा आहे, तेच बघतील ते. दोन तास पुरेपूर वापर. एक मिनिटही सोडू नकोस."

तारखेच्या आधीच्या भेटीला मी बरोबर गेले. खोलीत निळी सतरंजी, कोपऱ्यात टेबलाशी नोंदी लिहिणारी बाई. ती दुसऱ्या घरची बाई, कॅरोलिन, जोसीला घेऊन आली. चांगली बाई आहे, तिच्याविरुद्ध बोलायला मला काही सापडत नाही आणि त्याचाच मला राग येतो. तिनं जोसीला सतरंजीवर ठेवलं आणि बाहेर जाऊन बसली. दार काचेचं.

रेलिननं नवा लाकडी ससा आणला होता. थोडा वेळ बरा गेला. जोसी ससा चावत होती, रेलिन तिच्याशी बोलत होती, मी बघत होते. मग पोरीचं लक्ष काचेकडे गेलं. ओठ वाकडा झाला. रेलिननं तिला उचललं, खांद्यावर घेतलं, फिरवलं, आमच्या आईचं गाणं म्हटलं. जोसी अंग ताठ करून दाराकडे झेपावत होती. दात येत असतील, मी म्हटलं. भूक असेल. बाटली दिली, ती तिनं ढकलली. रडून रडून तिचा श्वास अडकायला लागला, तोंड लालबुंद झालं, आणि दोन्ही हात काचेपलीकडच्या बाईकडे. पलीकडे कॅरोलिन उभी राहिली होती आणि तोंडावर हात धरून होती. तिला आत यायला परवानगी नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात अजून तासाभराहून जास्त उरला होता. मी रेलिनच्या कानात म्हटलं, "थांब. होईल शांत. थांब जरा."

रेलिननं जोसीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ती दाराशी गेली, कोपरानं दार ढकललं आणि मुलगी त्या बाईच्या हातात दिली.

"घेऊन जा हिला घरी," ती म्हणाली. "किती रडतेय ती."

जोसी कॅरोलिनच्या गळ्याला बिलगली आणि गप्प झाली. लगेच झाली. आम्ही ते दोघींनीही पाहिलं.

मागे वळले तर टेबलाशी बसलेली बाई लिहीत होती. मी वाकून वाचलं. आईने भेट वेळेआधी संपवली.

"असं नका लिहू," मी म्हटलं. "पोर रडत होती म्हणून दिली तिनं. तिला बघवेना म्हणून. तेवढं लिहा."

"मॅम," ती म्हणाली, "मी फक्त काय घडलं तेवढंच लिहिते."